पहिलं पाणी जमिनीला

आमच्या नात्यागोत्यात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. मी सोळा वर्षांचा असताना, ताईला बघायला पाहुणे यायच्या दिवशी, विहिरीवरचा बंद पडलेला पंप मी एकट्यानं चालू केला आणि घराची अब्रू वाचवली, अशी ती गोष्ट. लग्नाकार्यात ती हमखास निघते. मी मान खाली घालून ऐकतो आणि ऐकणाऱ्यांना तो माझा विनय वाटतो. तो विनय नव्हे. तो पंप मी चालू केला नव्हता, आमच्याकडे भांडी घासणाऱ्या गिरजाबाईनं केला होता. मी फक्त पाणी नासवलं, आणि त्यापायी तिचं काम गेलं. इतकी वर्षं हे मी कोणाजवळ बोललो नाही. परवा घरातलं भांडी धुण्याचं मशीन बंद पडलं नसतं, तर बहुधा न बोलताच गेलो असतो.

ते मशीन मुलानं पुण्याहून धाडलं. त्याच्या आईच्या, म्हणजे शालिनीच्या, मनगटांना आता पाणी सोसत नाही, असं त्याचं कारण. आमच्याकडे सुनंदा नावाची बाई नऊ वर्षं भांडी घासते आहे. मशीन आल्यावर तिला ठेवायचं की नाही यावर घरात बराच खल झाला आणि ठरलं, की तूर्त राहू दे, मशीन भरायचं आणि रिकामं करायचं काम तिनं करावं. हे 'तूर्त' सुनंदाच्या कानावर गेलेलं होतं. मशीनकडे तिनं पाहिलं ते सवतीकडे पाहावं तसं. तरीही तिची रीत सुटली नाही. आत ठेवण्याआधी ती प्रत्येक भांडं स्वच्छ घासून घेते. शालिनीनं तिला दहादा समजावलं, की बाई, मग मशीनचा उपयोग काय. अशी खरकटी कशी ठेवू काकू, त्या मशीनले काय वाटन, असं तिचं म्हणणं. 

तर परवा सकाळी मशीन घुमल्यासारखा आवाज करत राहिलं आणि थांबलं. दार उघडून पाहिलं तर तळाशी चार बोटं गढूळ पाणी. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, निचऱ्याचा पंप अडकला असेल, माणूस नागपूरहून येईल, पाच-सहा दिवस धरून चाला. पंप हा शब्द शालिनीच्या कानावर पडला आणि तिनं माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, की मला पेचकस शोधायला उठावंच लागलं. पन्नास वर्षांच्या खोट्याची अशी वसुली होत असते. मी पाट घेऊन मशीनसमोर बसलो, वीज बंद केली, भांड्यांच्या जाळ्या बाहेर ओढल्या आणि कपानं ते पाणी उपसायला लागलो. साचलेल्या पाण्याचा वास नाकात गेला, आणि मी थेट घाटंजीच्या विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो.

घाटंजीला आमचं घर भाड्याचं होतं, पण विहीर चांगली होती. वडील तहसील कचेरीत कारकून. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. कचेरीत दादांना कोणावर ओरडता येत नसे, म्हणून निघण्यापूर्वी घरी ते काम उरकून जात. आई कमी बोलायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी ताई, आणि मी. त्या घरातल्या सकाळी मला आवाजांवरून आठवतात. आधी रहाटाची कुरकुर, मग बादली विहिरीच्या काठाला आपटल्याचा ठणका, मग आईच्या हातावर ज्वारीची भाकर थापली जात असल्याचा थपथप आवाज, आणि या सगळ्यांत मिसळलेली राखेची खसखस. गिरजाबाई विहिरीजवळच्या दगडावर बसून चुलीतल्या राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं भांडी घासायची. घासता घासता भांड्यांशी बोलायची. कढई तिची 'काळतोंडी' होती आणि पितळेचं मोठं पातेलं 'नवरीबाई'. काळतोंडीला ती रोज शिव्या घालायची आणि सगळ्यांत जास्त वेळ तिच्यावरच घालवायची. भांड्यांवरून तिला घरातलं सगळं कळायचं. काय शिजलं, काय करपलं, कोण रुसून उपाशी निजलं. बापूनं काल अंबाडीच्या भाजीले हात नाही लावला, असं ती आईला बिनचूक सांगायची, कारण ती भाजी मी ताटातल्या उपड्या वाटीखाली दडवलेली असे. घरात मला सगळे नावानं हाक मारत, 'बापू' म्हणणारी ती एकटी. आजच्या मशीनला यातलं काही कळत नाही, हा त्याचा एक मोठा गुण मानला पाहिजे. निदान परवापर्यंत मी तसं मानत होतो.

मग दादांनी विहिरीवर विजेचा पंप बसवला. न्हाणीघराच्या छपरावर टाकी आली, स्वयंपाकघरात एक नळ आला, मागच्या अंगणात दुसरा. दादांना आयुष्यात त्या नळाइतका आनंद दुसऱ्या कशानं दिला असेल असं वाटत नाही. कोणी भेटायला आलं की ते त्याला चहाआधी स्वयंपाकघरात नेत, नळ सोडत आणि पाण्याकडे न पाहता त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत. आईला दरवेळी चुलीसमोरून पदर सावरत उठावं लागे. एवढ्यावर भागलं नाही. ज्या आठवड्यात नळ आला त्याच आठवड्यात त्यांनी रहाट काढून टाकला आणि दोर कोणाला तरी देऊन टाकला. गिरजाबाईनं तेव्हा हात न थांबवता सुचवून पाहिलं होतं, की रहाट राहू द्या सायेब, मशीन काय आपल्या घरात जलमलं नाही. दादा हसले. तिला काय कळतं असं ते हसणं होतं. मीही हसलो. दादांच्या बाजूनं हसायची मला सवय होती.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. ताईला बघायला दारव्ह्याहून माणसं येणार होती. याआधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, त्यामुळे घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं आणि दुसरं काही कोणाला सुचत नव्हतं. आईनं आदल्या दिवशीच शिऱ्यासाठी रवा भाजून ठेवला होता. आलुबोंड्यांचं सारण सकाळीच तयार झालं, वरून भरपूर सांबार घातलेलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी. दादा पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले आणि जाताना मला सांगून गेले, की टाकी काठोकाठ भरून ठेव, नळाला जोर पाहिजे. मी बटण दाबलं. मोटर फिरली. पाणी काही येईना. टाकीचा तळ दिसत होता, प्यायला माठभर पाणी तेवढं होतं, गिरजाबाईसमोर भांड्यांचा ढीग होता, आणि विहिरीत बादली सोडायला ना रहाट होता ना दोर.

मी बटण दाबत राहिलो. बंद पडलेल्या वस्तूचं बटण पुन्हापुन्हा दाबणं ही माझी तेव्हाही पद्धत होती आणि पुढे नोकरीतही होती. गिरजाबाई राखेचे हात तसेच घेऊन उठली. तिनं पाइपावर हाताची पाठ टेकवली, कान लावला आणि मला बटण सोडायला लावलं. पंप पाणी धरून राहत नाही, खालचा फुटबॉल गळतो आहे, असं तिनं सांगितलं. विहिरीत पाइपाच्या टोकाला एक झडप असते, पाणी वर येऊ देते पण खाली जाऊ देत नाही. तिला तिकडे सगळे फुटबॉल म्हणतात. गिरजाबाई हंगामात एका मळ्यात मजुरीला जायची, तिथं तिनं हे पाहिलं होतं. उपाय तिनं एका वाक्यात सांगितला: शेण कालवून पंपाच्या तोंडात ओतायचं, ते खाली जाऊन झडपेच्या फटीत बसतं आणि पाणी ठरतं. मी शेजारच्या गोठ्यातून टोपलीभर शेण आणलं. माठातलं तांब्याभर पाणी तिनं आईकडून मागून घेतलं, शेण ताकासारखं पातळ कालवलं, आणि पंपाच्या वरच्या भोकातून आपल्या हातानं ओतलं. मी बटण दाबलं. माझं काम एवढंच.

पंप दोनदा खोकला आणि पाइपातून पाणी आलं. हिरवंगार, चटणीसारखं. पाइपाला दोन कॉक होते, एक टाकीकडचा आणि एक अंगणात सोडायचा. गिरजाबाईनं अंगणाकडचा उघडून दिला आणि मला बजावलं.

"पह्यलं पाणी जमिनीले देजो, बापू. निवळ आलं की मंग टाकीत सोडजो. घाई नको करजो."

तेवढ्यात आईनं तिला आतून बशा पुसायला हाक मारली. मी कॉकपाशी उभा राहिलो. पाणी हिरव्याचं पोपटी झालं, पोपटीचं पिवळट. आणि त्याच वेळी ओसरीवर दादांचा आवाज ऐकू आला. ते पाहुण्यांना सांगत होते, की आधी हातपाय धुवा, आमच्याकडे नळाचं पाणी आहे. मी पाण्याकडे पाहिलं. ते जवळजवळ निवळ होतं. पुढे मी पाणीपुरवठ्याच्या कामात पस्तीस वर्षं काढली आणि कागदांवर 'जवळजवळ' हा शब्द पुष्कळदा लिहिला. पहिल्यांदा तो मी त्या दिवशी मनाशी म्हटला आणि टाकीचा कॉक उघडला.

नळ जोरात आला. दादांचं तोंड फुललं. आईनं घाईत, चुलीच्या धुरात, त्याच नळाखाली चहाचं पातेलं धरलं. मला ते दिसलं. ओरडायला वेळ होता. मी ओरडलो नाही, कारण ओरडलो असतो तर नळ चालू झाल्याचं कौतुक तिथंच संपलं असतं. ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली आणि मी दाराआड उभा राहिलो. मुलाचे वडील म्हणजे भारी देहाचा, मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि दुसरा घेतला.

"गवती चहा घातला वाटतं?" त्यांनी विचारलं.

दादांना काही ठाऊक नव्हतं. पण वरपक्षाला नाही म्हणायची त्यांची तयारी नव्हती. "हो, घरचाच आहे," ते म्हणाले. मुलानं आणखी अर्धा कप मागून घेतला. आठ दिवसांत होकार आला.

तो मुलगा म्हणजे आमचे भाऊजी. दारव्ह्याला त्यांच्या अंगणात आज गवती चहाची चार बेटं आहेत. आम्ही गेलो की ते स्वतः पाती खुडतात, स्वतः चहा उकळतात, आणि कप हातात देताना दरवेळी खंतावून म्हणतात, की घाटंजीच्या त्या चहाचा वास काही याला येत नाही. भाऊजी, तो येणार नाही. इतकी वर्षं सांगितलं नाही याबद्दल माफ करा. बेटं मात्र उपटू नका, चहा चांगला होतो.

पाहुणे गेल्यावर दादा मागच्या नळावर पाय धुवायला गेले. ओंजळीत पाणी घेतलं, पाहिलं, हुंगलं. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि पाण्यात शेण कुठून आलं असं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणजे राग खरा होता.

"म्या सांगतलं, सायेब," गिरजाबाई म्हणाली. "पंप पाणी धरून नोयता राह्यला."

एवढं बोलून ती थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, विनवणी तर मुळीच नव्हती. ती फक्त थांबली. पुढचं वाक्य माझं होतं. टाकीचा कॉक मी उघडला, एवढंच म्हणायचं होतं. मी खाली पाहिलं. दगडावरून एक मुंगळा साखरेचा कण ओढत चालला होता. तो मुंगळा मला इतका स्पष्ट आठवतो, की त्याचं चित्र काढून देईन. दादांनी माझ्या गप्प राहण्याचा त्यांना हवा तो अर्थ काढला. पिण्याच्या पाण्यात शेण घालणारी बाई घरात नको, उद्यापासून येऊ नको, असं त्यांनी तिला सांगितलं. आई चुलीकडे वळली. मग दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काही झालं तरी ऐन वेळी पंप पोरानं चालू केला, असं ते म्हणाले. तिथून ती गोष्ट सुरू झाली.

गिरजाबाईनं राहिलेली भांडी टाकून दिली नाहीत. ती खाली बसली, कढई पुरी घासली, धुऊन दगडावर उपडी घातली, आपली नारळाची शेंडी पदरात बांधली आणि गेली. दुसऱ्या दिवशीपासून काळतोंडीला कोणी शिव्या घालेना. नवी बाई आली ती मुकाट्यानं भांडी घासायची, आणि माझी दडवलेली भाजी कोणाला कळेनाशी झाली. मला वाटलं होतं, यात मजा येईल.

नवरात्रात बाजाराच्या दिवशी ती मला दिसली. सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. मी पळून जायच्या बेतात होतो, पण तिनं आधी पाहिलं.

"काय बापू, पंप चालते ना?"

"हाव."

"निवळ येते पाणी?"

मी मान हलवली. तिनं टोपलीतलं एक पिकलेलं, डोळे उघडलेलं सीताफळ काढून माझ्या हातावर ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. जुळेपर्यंत ती गिऱ्हाइकात गुंतली, आणि मी ते निमित्त धरून निघालो. फळ मी स्टँडवर बसून खाल्लं. गोड होतं, हेच वाईट होतं. पुढे दादांनी त्या पंपाच्या भरवशावर मला पॉलिटेक्निकला घातलं. नोकरी लागल्यावर मी एकदा खास घाटंजीला गेलो, तिच्या वस्तीत विचारलं. ती लेकीकडे राहायला गेली होती आणि तिकडेच वारली, असं कळलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवायला हवं.

तर मशीन. पाणी उपसून झालं आणि तळाच्या जाळीला हात घातला, तर ती न फिरवताच हातात आली. म्हणजे नीट बसवलेलीच नव्हती. खाली पंपाचा बोटभर पंखा असतो. बोटानं फिरवून पाहिला, फिरेना. शालिनीच्या देवघरातला चिमटा आणून पंख्याच्या पात्याखाली घातला आणि दोन काळ्या, गुळगुळीत बिया बाहेर आल्या. सीताफळाच्या.

मला डॉक्टरांनी सीताफळ बंद केलं आहे. आदल्या दुपारी शालिनी निजली असताना मी तीन खाल्ली होती. बिया कुंपणापलीकडे टाकल्या, पण गरासकट दोन वाटीत राहिल्या असणार. आणि ती वाटी, तिथं कोण बघतंय म्हणून, मी मशीनमध्ये मागच्या कोपऱ्यात दडवली होती. जाळीही त्याच दुपारी मी काढून पाहिली होती, आत पंप कसा असतो ते बघायला.

"काय निघालं?" शालिनीनं मागून विचारलं. मी बोलेपर्यंत तिचं बोलणं सुरूही झालं. जाळी सुनंदाच काढते, शंभरदा सांगितलं तरी नीट बसवत नाही, काही विचारलं की भलतंच उत्तर देते, आणि मशीन आहेच तर आता खरं म्हणजे... इथं ती थांबली, कारण सुनंदा ओट्यापाशीच फडकं घेऊन उभी होती. ती माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या मुठीत दोन बिया होत्या आणि सदऱ्याला खिसा होता.

"बिया माझ्या आहेत," मी म्हणालो. "जाळीसुद्धा मीच काढली होती."

शालिनीनं आधी विचारलं, किती खाल्ली. मी तीन म्हणालो. एका बैठकीत का, हे तिनं विचारलं, त्यालाही हो म्हणालो. एकदा खरं निघायला लागलं तसं मग थांबेना. गुडघ्यांमुळे पाटावरून उठता येत नव्हतं, म्हणून तिथंच बसून मी गिरजाबाईची सगळी गोष्ट सांगितली, हिरव्या पाण्यापासून त्या मुंगळ्यापर्यंत. भाऊजींच्या चहापाशी शालिनीला हसू आलं. पुढे ते गेलं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, की हे आईंना तरी सांगायला हवं होतं तुम्ही. 

सुनंदा फडकं पिळत होती. "मले मालूम होतं, काका," ती म्हणाली. "म्या तं घासल्याबिगर काही ठेवत नाही आतमंदी. ते खरकटी वाटी दिसली, तवाच समजली. तुमी लपवली म्हणून म्या हात नाही लावला."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी काय म्हणता, ते पाहून राह्यली होती."

घाटंजीच्या त्या अंगणात गिरजाबाईही हेच पाहत उभी होती. हे कळायला मला माझं वय आणि दोन बिया लागल्या.

जाळी बसवली, या वेळी ती घट्ट फिरवून. मशीन रिकामंच लावलं आणि निचऱ्याची नळी मोरीतून काढून बादलीत सोडली. पंप दोनदा खोकला. पाणी आधी गढूळ आलं, मग पांढुरकं. आम्ही तिघं बादलीभोवती उभे होतो. ती बादली मी झाडाला घालून आलो, दुसरी लावली. थोड्या वेळानं सुनंदानं वाकून पाहिलं आणि म्हणाली, आलं निवळ, आता लावा काका नळी जागेवर.

मी आणखी थोडं थांबलो.